पेट्रोल-थिनरचा धंदा आणि पुरुषांच्या छातीतील गाठ

नांदेड असो की लातूर, एके काळी या दोन्ही बाजारपेठा कापूस, सरकी, डाळ आणि कापड यांवर चालत असत. नांदेडात निजामाच्या काळची उस्मानशाही गिरणी होती, लातुरात गंजगोलाईच्या भोवती अडत आणि कापडाची दुकाने. गिरणी बंद पडली. तिच्यात काम करणाऱ्यांची मुले-नातवंडे आज कुठे आहेत, असे कोणी विचारले तर उत्तर रस्त्यावरच सापडते. कोणी गॅरेजात मिस्त्री आहे, कोणी ट्रकच्या बॉडीला स्प्रेने रंग मारतो, कोणी पेट्रोल पंपावर नळी धरून उभा आहे, कोणी ड्रायक्लीनिंगच्या दुकानात, तर कोणी फर्निचरला पॉलिश करतो. आमच्या वाचकांपैकी बऱ्याच घरांची चूल याच कामांवर पेटते. या धंद्यांचा एक खर्च खातेवहीत कधीच येत नाही. तो या पानावर मांडणे आम्हास जरूर वाटते.

विषय आहे पुरुषांना होणारा स्तनाचा कॅन्सर आणि त्याचा कामाच्या जागेशी असलेला संबंध. शीर्षक वाचून काही जण हसतील, काही जण पान उलटतील. आम्ही कापडाचे व्यापारी, डॉक्टर नव्हे. परंतु जे छापून आले आहे ते वाचता येते, जाणकारांना विचारता येते आणि हिशेब करता येतो. तेवढेच इथे केले आहे.

आधी मूळ गोष्ट. पुरुषाच्या छातीतही, बोंडाच्या मागे, स्तनाची थोडी ऊती असते. मुलीच्या अंगात ती वयात येताना वाढते, मुलाच्या अंगात ती तशीच लहान राहते. पण नाहीशी होत नाही. जिथे ऊती आहे तिथे कॅन्सर होऊ शकतो. स्तनाच्या कॅन्सरचे जेवढे रुग्ण जगात सापडतात त्यांत साधारण शंभरात एक पुरुष असतो. हा बहुतेक साठीच्या आसपास किंवा त्यापुढे होतो. आपल्या देशात एक लाख पुरुषांमागे वर्षाला एकही रुग्ण पुरता भरत नाही, इतका तो कमी आहे. म्हणून घाबरून जाण्याचे काही कारण नाही, हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो.

त्याची कारणे काय? पक्की ठाऊक असलेली कारणे बहुतेक कामाच्या जागेबाहेरची आहेत. पहिले कारण वय. दुसरे घराणे: बीआरसीए-२ नावाच्या जनुकात दोष असेल तर अशा शंभर पुरुषांपैकी सुमारे सात जणांना आयुष्यात केव्हातरी हा आजार होतो. हा दोष आईकडूनही येतो आणि बापाकडूनही, आणि बाप तो मुलींनाही देतो. तेव्हा घरातील पुरुषाला हा आजार झाला तर त्याच्या बहिणी आणि मुली यांनीही डॉक्टरांना विचारले पाहिजे. ही गोष्ट आपल्याकडे जवळजवळ कोणालाच माहीत नसते. त्याशिवाय जन्मतः एक जास्तीचे क्ष गुणसूत्र असणे, अंडकोष खाली न उतरणे किंवा गालगुंडात त्यांना सूज येऊन ते निकामी होणे, यकृत खराब होणे, लठ्ठपणा, लहानपणी छातीवर किरणोपचार होणे ही कारणे मानली जातात. या बहुतेकांचे मूळ एकच आहे. पुरुषाच्या शरीरातही थोडे स्त्रीसंप्रेरक असते. त्याचा तोल बिघडला की छातीतील ती झोपलेली ऊती जागी होते.

आता कामाच्या जागेकडे वळू. इथे पुरावा आहे, पण तो लहान लहान तुकड्यांत आहे. कारण उघड आहे. आजारच इतका विरळा की एका गावात, एका कारखान्यात दहा रुग्णही मिळत नाहीत. ज्या देशांत प्रत्येक माणसाच्या नोकरीची आणि प्रत्येक कॅन्सरची सरकारी नोंद असते तिथेच असा हिशेब जुळवता येतो.

असा एक मोठा हिशेब डेन्मार्कमध्ये झाला. तिथे कामगारांच्या पेन्शनची नोंद आणि कॅन्सरची नोंद या दोन वह्या शेजारी ठेवून पाहण्यात आल्या. २००० साली जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला तो असा की, ज्या पुरुषांचे काम पेट्रोल आणि गाड्यांच्या धुराशी निगडित होते त्यांच्यात स्तनाचा कॅन्सर इतरांच्या सुमारे अडीच पट आढळला. जे चाळिशीच्या आत अशा कामाला लागले होते त्यांच्यात तो पाच पटींहून जास्त होता. पुढे २०१० साली युरोपातील आठ देशांचा मिळून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १०४ रुग्ण आणि तुलनेसाठी १९०१ निरोगी पुरुष होते. त्यातही मोटार मेकॅनिकांमध्ये धोका दुपटीच्या आसपास निघाला, आणि जितकी वर्षे काम जास्त तितका तो चढता दिसला. रंगारी आणि फर्निचर बनवणारे हेही त्या अभ्यासाच्या यादीत होते. म्हणजे ज्या धंद्यांची नावे आम्ही वर घेतली, तेच धंदे.

दुपटीचा आकडा ऐकून गडबडून जाऊ नये. व्यापाऱ्याला टक्केवारी आणि मूळ रक्कम यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. एका रुपयावर अडीचशे टक्के म्हणजे अडीच रुपये, आणि एक लाखावर एक टक्का म्हणजे हजार. लाखात एकाहून कमी असलेला आजार अडीच पट झाला तरी लाखात दोन-अडीच होतो. मग एवढा कागद का काळा करायचा? त्याची कारणे पुढे येतीलच. त्याआधी एक किस्सा सांगणे जरूर आहे, कारण तो धुलाईच्या धंद्यातून आलेला आहे आणि कापडवाल्यांनी तो ऐकलाच पाहिजे.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात कॅम्प लेज्यून नावाचा फौजेचा मोठा तळ आहे. १९५३ पासून १९८७ पर्यंत तेथील सैनिक आणि त्यांची बायका-मुले दूषित पाणी पीत होती. त्यांना कोणीच सांगितले नव्हते. काही विहिरींत तळावरच्याच गळक्या टाक्यांचे आणि कचऱ्याचे रसायन उतरले होते; पण टरावा टेरेस नावाच्या वसाहतीचे पाणी बिघडले ते तळाबाहेरच्या एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानामुळे. कपडे धुण्याचे पर्क्लोरोइथिलीन, ज्याला धंद्यात 'पर्क' म्हणतात, ते जमिनीत मुरत मुरत विहिरीपर्यंत गेले. पुढे त्या तळावर राहून गेलेल्या पुरुषांत स्तनाचा कॅन्सर झालेले लोक एकमेकांना शोधू लागले आणि बघता बघता त्यांची संख्या कित्येक डझनांवर गेली. इतक्या विरळ्या आजाराचे इतके पुरुष एकाच ठिकाणचे कसे, हा प्रश्न सरकारपुढे आला. २०१५ साली सरकारी शास्त्रज्ञांनी ७१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. संबंध असण्याची शक्यता दिसते, परंतु आकडे लहान असल्याने छातीठोकपणे सांगता येत नाही, असे त्यांनी लिहिले. तथापि त्याआधीच, २०१२ साली, अमेरिकी सरकारने कायदा करून तिथे राहिलेल्यांच्या ज्या आजारांचा इलाज सरकारने करावयाचा ठरवले त्यांत स्तनाचा कॅन्सर होता. २०२२ साली त्यांना कोर्टात दावा लावण्याची वाटही खुली झाली. डिसेंबर २०२४ मध्ये तेथील पर्यावरण खात्याने ट्रायक्लोरोइथिलीनवर बंदीचा आणि ड्रायक्लीनिंगमधून पर्क दहा वर्षांत हटवण्याचा नियम जाहीर केला.

आमच्याकडे लहान गावांत ड्रायक्लीनिंग म्हणजे बहुतेक 'पेट्रोल वॉश'. बंद खोलीत टब, त्यात हात बुडवून धुलाई आणि त्याच खोलीच्या कोपऱ्यात जेवणाचा डबा. कापडाच्या धंद्यातही मागावरच्या तेलाचे किंवा ग्रीसचे डाग काढायला जे स्प्रे वापरतात त्यांत बऱ्याचदा हीच क्लोरीनवाली द्रावणे असतात. डबा उघडला की गोड वास येतो. पोरे तो वास हौसेने घेतात. ट्रायक्लोरोइथिलीन मूत्रपिंडाचा कॅन्सर करते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१२ साली पक्के ठरवले आहे. त्याबाबत आता शंका राहिलेली नाही.

ही द्रावणे छातीपर्यंत पोहोचतात कशी? ती वाफ होऊन फुप्फुसातून जातात आणि कातडीतूनही शिरतात. ती चरबीत विरघळणारी आहेत आणि स्तनाच्या ऊतीभोवती चरबीच असते. तिथे ती मुक्काम करतात. शरीर त्यांना तोडू लागते तेव्हा जे तुकडे निघतात ते पेशीच्या आतल्या जनुकांना इजा करू शकतात. दुसरी वाट संप्रेरकांची. काही रसायने शरीरात शिरून स्त्रीसंप्रेरकाचे सोंग घेतात. युरोपातील ज्या अभ्यासाचा उल्लेख वर आला त्यात अल्किलफिनॉल नावाच्या वर्गाशी संबंध दिसला. ही नावे कापडवाल्यांना अगदीच अनोळखी नाहीत, कारण कोरे कापड धुण्याच्या आणि रंगवण्याच्या साबणांत याच जातीची रसायने वापरली जात आली आहेत. युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२१ पासून धुता येणाऱ्या कापडात त्यांतील एका मुख्य रसायनाची, नोनिलफिनॉल इथॉक्सिलेटची, मर्यादा वजनाच्या ०.०१ टक्का इतकी खाली आणली.

याच प्रसंगी एक जुनी आठवण देणे योग्य होईल. जर्मनीत फ्रँकफुर्टच्या रेन नावाच्या सर्जनने १८९५ साली दाखवून दिले की रंगाच्या कारखान्यातील मजुरांना मूत्राशयाचा कॅन्सर होतो. मजूर मरत राहिले, रंग विकला जात राहिला. शेवटी १९९४ साली जर्मनीने विशिष्ट ॲझो रंगांच्या कापडाला दार बंद केले, आणि आपल्या सरकारने मार्च १९९७ मध्ये ११२ रंगांवर बंदी घातली. त्या दिवसांत निर्यातीचा माल भरणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याच्या तोंडी 'ॲझो-फ्री सर्टिफिकेट' हा शब्द होता. डॉक्टरांनी शंभर वर्षे सांगून जे झाले नाही ते गिऱ्हाइकाने माल परत केल्यावर झाले. तेव्हा रसायन बदलणे व्यापाऱ्याच्या हातात नसते, असे कोणी म्हणत असेल तर ते आम्हास मान्य नाही.

हेही सांगितले पाहिजे की, या विषयात ऐकीव गोष्टी पुष्कळ आहेत. भट्टीजवळ काम करणाऱ्याला हा आजार होतो, असे पूर्वी लिहिले जात असे. अंडकोषाला उष्णता लागून संप्रेरकांचा तोल जातो, असा तर्क होता. अमेरिकेत १९९८ साली एक मोठा हिशेब झाला. त्यात पोलादाच्या भट्ट्या आणि रोलिंग मिलमधील पुरुषांत प्रमाण जास्त दिसले, परंतु नुसत्या उष्णतेचा वेगळा हिशेब मांडल्यावर तो संबंध टिकला नाही. जालन्याच्या रोलिंग मिलवाल्यांनी किंवा आमच्या बेकरीवाल्यांनी एवढ्यावरून धास्ती घेऊ नये; त्यांना धूर आणि भाजणे यांचीच चिंता पुरेशी आहे. १९९१ साली न्यूयॉर्कच्या टेलिफोन एक्स्चेंजमधील तंत्रज्ञांत दोन रुग्ण निघाले आणि विजेच्या चुंबकीय क्षेत्रावर बरेच रान उठले. पुढील अभ्यासांत तेही पक्के झाले नाही. रात्रपाळीचा प्रश्न अजून उघडा आहे. कॅन्सर संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीला 'बहुधा कॅन्सरकारक' म्हटले, पण स्तनाच्या कॅन्सरबाबत तो पुरावा मुख्यतः नर्स आणि इतर स्त्री-कामगारांचा आहे.

आता मघाच्या प्रश्नाकडे येऊ. एवढा विरळा आजार, आणि पुरावाही अर्धवट, मग चर्चा कशासाठी? एक कारण असे की पुरुषाच्या छातीतील गाठ हे या रसायनांचे सगळ्यात लहान देणे आहे. पेट्रोलमधील बेंझीनमुळे रक्ताचा कॅन्सर होतो, हे पक्के आहे. २०२५ मध्ये त्याच संस्थेने खुद्द पेट्रोललाच कॅन्सरकारक ठरवले, रक्ताच्या आणि मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी. डिझेलच्या धुराने फुप्फुसाचा कॅन्सर होतो, हे २०१२ सालीच ठरले आहे. रंगाऱ्याचे काम तर एक धंदा म्हणूनच कॅन्सरकारक धंद्यांच्या यादीत आहे. जो उपाय एका आजारासाठी करायचा तोच सगळ्यांना लागू पडतो, आणि तो खर्चाचा नाही.

दुसरे कारण आम्हास जास्त गंभीर वाटते. पुरुष हा आजार लपवतो. आमच्या ओळखीचा एक गॅरेजचा मिस्त्री, वय पंचावन्नच्या पुढे, पंधराव्या वर्षापासून पाना हातात धरलेला. त्याच्या डाव्या बोंडाखाली हरभऱ्याएवढी गाठ आली. दुखत नव्हती, म्हणून दीड वर्ष त्याने बायकोलाही सांगितले नाही. बनियनवर रक्ताचा डाग दिसू लागला तेव्हा पोराने जबरदस्तीने दवाखान्यात नेले. आम्ही भेटायला गेलो तेव्हा तो हळू आवाजात म्हणाला, "सेठ, ही तर बायकांची बीमारी. मोहल्ल्यात काय सांगू?" तोपर्यंत काखेत गाठी उतरल्या होत्या. ऑपरेशन झाले, किमो झाली, आता तो गोळ्यांवर आहे आणि गॅरेज त्याचा भाऊ बघतो. त्याची गाठ पेट्रोलमुळेच झाली असे कोणताही डॉक्टर सांगू शकणार नाही, आम्हीही सांगत नाही. पण दीड वर्ष गेले ते शरमेमुळे गेले, हे मात्र खरे.

पुरुषाच्या छातीत चरबी कमी असल्याने गाठ खरे तर लवकर हाताला लागते. उलट त्याच कारणाने ती कातडीपर्यंत आणि खालच्या स्नायूपर्यंत लवकर पोहोचते. तेव्हा वेळ वाया घालवण्यास जागा नाही. बोंडामागे किंवा बाजूला टणक, बहुधा न दुखणारी गाठ, बोंड आत ओढले जाणे, त्यातून पाणी किंवा रक्त येणे, बरी न होणारी जखम, काखेत गाठ, यांपैकी काहीही दिसले तर दाखवावे. बऱ्याच पुरुषांची छाती वयाने, वजनाने किंवा काही औषधांनी थोडी वाढते. ती बहुधा रबरासारखी मऊ, दाबल्यास दुखणारी आणि पुष्कळदा दोन्ही बाजूंना असते. ती कॅन्सर नसते. पण हा फैसला डॉक्टरने करावा, गॅरेजात बसून होत नाही. सोनोग्राफी, मॅमोग्राफी आणि सुईने काढलेला तुकडा एवढ्यावर निदान होते. या आजारात एक दिलाशाची बाब आहे. पुरुषांतील दहापैकी सुमारे नऊ गाठी संप्रेरकावर पोसणाऱ्या असतात, म्हणून त्यांना टॅमॉक्सिफेनच्या गोळ्या लागू पडतात. ही जुनी आणि स्वस्त गोळी आहे. ती किमान पाच वर्षे, रोज, न चुकता घ्यावी लागते. मधेच बंद करणारे पुष्कळ, आणि तिथेच घोटाळा होतो.

उशीर टाळता येतो याचा पुरावा दूर शोधायला नको. लातूरकरांना बार्शी म्हणजे जुन्या छोट्या रेल्वेचे गाव. तिथे नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालय आहे आणि १९८७ साली तिथेच देशातील पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शीबरोबर आमच्या मराठवाड्यातील परंडा आणि भूम हे तालुकेही तिच्यात आहेत. नोंदणीची माणसे गावोगाव फिरत, कॅन्सरची लक्षणे सांगत, संशय आला की रुग्णाला बार्शीला आणत. हाती कोणतेही महाग यंत्र नव्हते. काही वर्षांनी हिशेब पाहिला तेव्हा गर्भाशयमुखाचा कॅन्सर झालेल्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या पायरीवर येऊ लागल्या होत्या, असे १९९५ साली प्रसिद्ध झाले. नुसत्या बोलण्याने एवढे होते. तो आजार स्त्रियांचा होता आणि गोष्ट खेड्यांची, परंतु शरम तीच आणि अज्ञान तेच. जे परंड्याच्या खेड्यांत झाले ते देगलूर नाक्याच्या किंवा गंजगोलाईच्या बाजारात का होऊ नये?

त्या मिस्त्रीचा केस पेपर आम्ही पाहिला. दवाखान्याचे नाव घेत नाही, कारण सगळीकडे तीच तऱ्हा आहे. व्यवसायाच्या रकान्यात एकच शब्द होता: मजूर. चाळीस वर्षे पेट्रोलने हात धुणारा माणूस मजूर, शेतात निंदणी करणारा मजूर आणि हमालही मजूर. डेन्मार्कमध्ये जो हिशेब होऊ शकला तो आमच्याकडे का होत नाही, याचे उत्तर त्या एका शब्दात आहे. कोणता माणूस कोणत्या रसायनात किती वर्षे होता हेच लिहिलेले नसेल तर शंभर वर्षांनीही संबंध सापडणार नाही. गिरणी कामगारांच्या बाबतीत कापसाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराला, ज्याला बिसिनोसिस म्हणतात, १९४८ च्या कारखाने कायद्याच्या यादीत जागा मिळाली. कारण गिरणीत हजेरीपट होता, खाते लिहिलेले होते, कोण कार्डिंगला आणि कोण ब्लो रूमला हे कागदावर होते. पुरुषांचा स्तनाचा कॅन्सर जुन्या कायद्यांच्या यादीत नव्हता, आणि नोव्हेंबर २०२५ पासून ज्या नव्या श्रम संहिता लागू झाल्या त्यांच्या व्यावसायिक रोगांच्या यादीतही नाही. यादीत नसलेल्या रोगाची भरपाई मागायची तर तो कामामुळेच झाला हे कामगाराने सिद्ध करायचे. चार पोरांच्या गॅरेजात, जिथे पगार शनिवारी रोख हातात पडतो आणि नाव कुठेही नोंदलेले नाही, तिथे ते कसे सिद्ध होणार?

सबब मालकांना आमचे पहिले सांगणे वहीचे आहे. दोनशे पानी एक रजिस्टर घ्यावे. प्रत्येक कारागिराचे नाव, वय, कोणत्या साली लागला, काय काम करतो आणि कोणते रसायन हाताळतो हे लिहून ठेवावे. काही मालकांना भीती वाटते की लिहिले म्हणजे पुढे अंगाशी येईल. आम्हास तसे वाटत नाही. जिथे दहा किंवा जास्त माणसे आहेत तिथे राज्य विमा योजनेची नोंद कायद्यानेच करावी लागते, आणि नोंद असेल तर आजारपणाचा खर्च मालकाच्या गल्ल्यातून न जाता विम्यातून जातो. दवाखान्यात जाताना त्या पानाची झेरॉक्स सोबत द्यावी आणि 'मजूर' ऐवजी 'मोटार मेकॅनिक, पेट्रोलशी संबंध ४० वर्षे' असे लिहून घ्यावे. डॉक्टर नाही म्हणत नाहीत. त्यांना कोणी सांगत नाही, एवढेच.

कामाच्या जागेचे म्हणाल तर पेट्रोलने हात धुण्याची सवय आधी सोडवली पाहिजे. साबणाची पूड आणि लाकडाचा बारीक भुसा मिसळून चोळला तर ग्रीस निघते. जुने मिस्त्री हेच करीत. टाकीतील पेट्रोल तोंडाने नळी ओढून काढणे बंद करावे, हाताने दाबायचा साधा पंप बाजारात मिळतो. थिनरचे आणि पेट्रोलचे डबे झाकणबंद असावेत. पंखा लावायचा तर तो छताजवळ नव्हे, खाली जमिनीलगत, हवा बाहेर फेकणारा. कारण या वाफा हवेपेक्षा जड असतात आणि खालीच साचतात. तोंडाला रुमाल बांधल्याने धूळ थोडी अडते, वाफ अजिबात अडत नाही. रंगाच्या स्प्रेसाठी कोळशाच्या डबीचा मास्क येतो, तोच घ्यावा आणि डबी वेळेवर बदलावी. मळके कपडे घरी पोराबाळांच्या कपड्यांत धुवायला टाकू नयेत. आणि एक गोष्ट विशेष: गावाकडून आलेली हेल्पर पोरे रात्री दुकानातच, त्याच डब्यांच्या शेजारी शटर ओढून झोपतात. दिवसाचे आठ तास कमी म्हणून की काय, रात्रीचे आठ तास पुन्हा तीच हवा. डेन्मार्कच्या अभ्यासात लवकर कामाला लागलेल्यांचा धोका सगळ्यात जास्त निघाला, हे इथे आठवावे. त्या पोरांना झोपायला वेगळी खोली द्यावी. न जमल्यास डबे तरी रात्री बाहेरच्या जाळीच्या कपाटात ठेवावेत, म्हणजे आगीचाही धोका टळतो.

इलाजाची सोय पूर्वीपेक्षा बरी आहे. नांदेड आणि लातूर दोन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेज आहे, पहिली तपासणी तिथे होते. पुढे बार्शी, छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय किंवा मुंबईचे टाटा. पैशाअभावी थांबणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की राज्याची आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत नांदेड होते. आता ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून चालते, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे आणि कॅन्सरचे ऑपरेशन, किमो व किरणोपचार तिच्यात बसतात. रेशन कार्ड आणि आधार कार्ड यांवरील नाव व जन्मसाल जुळते की नाही हे आजच पाहून ठेवावे. उर्दूतून मराठीत नाव उतरवताना एका अक्षराचा फरक पडतो आणि ऐन वेळी फाइल अडते. योजनेच्या प्रत्येक दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. आधी त्याच्या टेबलावर जावे, मग बिलाच्या खिडकीवर.